गिळलेलं नाव

बायबलबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या की अर्धं चर्च डोळे मिटायचं आणि अर्धं कान टवकारायचं. पाळकसाहेबांची प्रार्थना सगळ्या जगासाठी असायची. राज्यकर्ते, रोगी, प्रवासी, अनाथ सगळे तिच्यात एकदम मावायचे आणि कुणालाच काही टोचायचं नाही. बाईंची प्रार्थना मात्र घरोघरची. "बापा, योहानचा गुडघा धरलाय, उजवा, तो मोकळा कर. त्याच्या सुनेची जीभ आवर, सासूला ती काल काय बोलली ते तुला ठाऊक हाय. आन रूबेननं उदगीरला जाऊन पुन्ना पिली, बापा. त्याला हाताला धरून माघारी आण." रूबेन तिथेच पुरुषांच्या बाजूला खांबाला टेकून बसलेला असायचा. आम्हा पोरींना हसू आवरायचं नाही. आई चिमटा काढायची, पण तिचेही कान तिकडेच असत.

आमचं गाव निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या शिवेला. मिशनचं पत्र्याचं चर्च, पंचवीस-तीस घरांची मंडळी. बाई मिशनच्या पगारावर होत्या. घरोघर जायचं, बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, गीतं शिकवायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, हे त्यांचं काम. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नव्हतं. पांढरं लुगडं, खांद्याला पिशवी आणि उन्हापावसात काळी छत्री. लांबून छत्री दिसली की बायका भांडण अर्धवट सोडून घरात पळत. उद्या रविवारी देवापुढे आपलं नाव निघायला नको, एवढीच त्यांची इच्छा असे.

एकदा आईने धीर करून विचारलं, "बाई, जरा मनातल्या मनात करावी की प्रार्थना. नावानिशी कशाला?" बाई चकितच झाल्या. "नाव घेतल्याबिगर केलेली प्रार्थना म्हंजे पत्ता न लिहिलेलं कार्ड. कुठं जावं त्यानं?" त्यांच्या मनात खोट नव्हती. दुसऱ्याचं पाप आपल्या पदरात घेऊन देवापुढे उभं राहायचं, हेच त्या शिकल्या होत्या आणि हेच जन्मभर करत होत्या. रूबेनची दारू खरोखर सुटली, हेही सांगायला हवं. पुढे तोच म्हणायचा की देवाच्या भीतीने सुटली की बाईंच्या, ते आपल्याला ठाऊक नाही.

मग दुष्काळ पडला. ज्यांनी तो पाहिला त्यांना मी काय सांगणार! विहिरींचे तळ दिसू लागले. माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. सरकारी दुकानातली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांवर घरं चालली. आमच्या मंडळीतली बहुतेक माणसं त्याच कामावर होती आणि कामावरचा मुकादमही आमच्याच मंडळीतला होता. तो चर्चचा पंच. गळा गोड, रविवारी गीत तोच उचलायचा. कुणाची हजेरी लावायची, कुणाला सावलीतलं काम द्यायचं, कुणाला उद्यापासून येऊ नको म्हणायचं, हे सगळं त्याच्या हातात होतं. सगळे त्याला मामा म्हणत. मीही म्हणत असे.

शाळेतल्या शिपायाची मोठी मुलगी त्या कामावर जायची. घरात तिला थोरली म्हणत, मीही इथे तेवढंच म्हणेन. बाप अंथरुणाला, पाठची भावंडं लहान. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, अंगाने काटक, आम्हाला ओढ्याच्या वाळूत झरे उकरायला तिनेच शिकवलं होतं. त्या उन्हाळ्यात ती बोलेनाशी झाली. एका सकाळी ती बाईंच्या घरी गेली आणि जात्याजवळ बसून रडली. हजेरी पाहिजे असेल तर काय करावं लागतं, ते तिने सांगितलं. मामाने काय केलं ते सांगितलं. दिवस गेले होते. मग देगलूरकडच्या एका बाईने दिलेलं काहीतरी प्यायली आणि ते पोटातलं गेलं, हेही सांगितलं. "बाई, लई मोठं पाप झालं माझ्याकडून," ती म्हणाली. बाईंनी तिला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन, लेकी."

हे सगळं मला पुष्कळ वर्षांनी खुद्द बाईंकडून कळलं. त्या वेळी मी पाहिली ती फक्त उपास-प्रार्थना.

पावसासाठी सगळ्या मंडळीने दिवसभर उपास धरला होता. आमच्याकडे रीत अशी की देवाकडे मोठं काही मागायचं तर आधी पापं कबूल करायची, मग हात पसरायचे. पाळकसाहेबांनी सांगितलं, "ज्याचं त्याने उठून बोलावं." एकेक जण उठला आणि म्हणाला, आम्ही सगळे पापी आहोत. ते बोलायला सोपं असतं. मामाही उठला, गहिवरून रडलासुद्धा आणि आम्ही सगळे पापी आहोत असं म्हणून खाली बसला. पत्रा तापला होता. लहान पोरं भुकेने किरकिरत होती. तेव्हा बाई उठल्या.

त्यांनी नेहमीसारखीच प्रार्थना केली. थोरलीचं नाव घेतलं. पोटातलं लेकरू गेलं ते सांगितलं. आणि शेवटी म्हणाल्या, "बापा, तिला क्षमा कर. तिच्यापायी आमच्यावरचं आभाळ बंद करू नको."

बाईंनी दया मागितली होती. मंडळीने ऐकलं ते एवढंच, की आभाळ थोरलीपायी बंद आहे. डोळे मिटलेले लोक एकेक करून डोळे उघडू लागले आणि बायकांच्या बाजूला मागे बसलेल्या थोरलीकडे बघू लागले. मी आईच्या मांडीला लागून बसले होते, मीही वळून पाहिलं. ती रडत नव्हती. ती बाईंकडे बघत होती, एखाद्या माणसाने आपल्याला ओळखलंच नाही म्हणून त्याच्याकडे बघावं, तशी. आमेन सगळ्यात मोठ्याने मामाने म्हटलं.

त्यानंतरचं मी विसरायचा प्रयत्न करून पाहिला आहे. हापशावर बायका तिचा हंडा मागे सारू लागल्या. कामावर तिला येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. तिच्या घरावरून जाताना म्हातारी माणसं आभाळाकडे बघायची आणि मग तिच्या दाराकडे. आणि एका सकाळी ती गावात नव्हती. कुणी म्हणालं नांदेडच्या गाडीत बसताना दिसली, कुणी म्हणालं बिदरच्या. तिच्या आईने दार लावून घेतलं ते किती तरी दिवस उघडलं नाही.

आणि त्याच आठवड्यात पाऊस आला. ही गोष्ट मला अजूनही देवाला विचारायची आहे. दोन दिवस येऊन गेलेला वळीव, त्याने विहिरींना काही पाणी लागलं नाही, दुष्काळ काही सरला नाही. पण गाव नाचलं. लोक बाईंच्या दारात जमले, त्यांच्या उंबऱ्यालाच हात लावून पाया पडू लागले. बाईंच्या प्रार्थनेने आभाळ उघडलं! पाळकसाहेबांनी ही साक्ष, देवाच्या करणीची हकिकत म्हणून, आजूबाजूच्या मंडळ्यांत सांगितली, तेव्हा लांबलांबचे लोक बाईंकडून प्रार्थना करून घ्यायला येऊ लागले.

बाईंनी दाराला आतून कडी घातली होती. आईने मला हाक मारून आणायला पाठवलं. खिडकीतून पाहिलं तर बाई कोपऱ्यात पाठमोऱ्या बसलेल्या, कानांवर पदर घट्ट दाबून धरलेला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही. पुढे जन्मभर पाऊस लागला की त्या अशाच बसायच्या. गावाला वाटायचं, बाई पावसाबद्दल उपकार मानत असतील.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी त्यांना उपकारस्तुतीसाठी उभं केलं. बाई उठल्या, तोंड उघडलं आणि तशाच खाली बसल्या. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी चर्चमध्ये मोठ्याने प्रार्थना केली नाही. बायकांच्या बाजूला, जिथे थोरली बसायची, तिथे त्या कुणाला बसू देईनात. "तिथं नगा बसू," एवढंच म्हणायच्या. नवीन लग्न होऊन आलेली एखादी चुकून बसली तर तिचा हात धरून उठवायच्या. पोरांनी त्या जागेची भीती घेतली. गीत चाललं असताना बाई मध्येच दाराकडे बघायच्या, मग आम्हीही बघायचो. दारात कुणी नसायचं.

घरोघर जाणं त्यांनी सोडलं नाही, पण त्यांची तऱ्हा पार बदलली. आधी त्या खोदून खोदून विचारायच्या. आता कुणी बोलायला लागलं की हात वर करायच्या. "मला सांगू नको, बाय. त्याला सांग. मी बाजूला बसते." आणि खरंच बसायच्या. समोरची बाई रडून, बोलून, मोकळी होऊन उठेपर्यंत ह्या भिंतीकडे तोंड करून गप्प. सुरुवातीला लोकांना हे विचित्र वाटलं. मग कळलं की असं बाजूला बसणारं माणूस गावात दुसरं नाही. माझे वडील गेले तेव्हा आईजवळ त्या आठवडाभर अशाच बसल्या होत्या. एका अक्षराने समजूत घातली नाही. आई म्हणायची, बाकीच्यांनी केलेल्या प्रार्थनांपेक्षा मला तेच पुरलं.

एका रविवारी, बऱ्याच वर्षांनी, साक्षीच्या वेळी त्या न बोलावता उठल्या. "मला पापाचा अंगीकार करायचाय," म्हणाल्या. "लोक म्हणत्यात माझ्या प्रार्थनेनं पाऊस आला. न्हाई आला. माझ्या प्रार्थनेनं एक लेकरू देशोधडीला लागलं. तिनं माझ्यापाशी ठेवलेली गोष्ट मी सगळ्यांपुढं मांडली. आन मांडली ती बी अर्धी. दोन नावं होती. एक घेतलं, एक गिळलं. ज्याच्या हातात सगळ्यांची भाकर होती त्याचं नाव घ्यायचं मला भ्याव वाटलं. म्या देवापुढं बी तोंड बघून बोलले."

कुणाला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. पुरुषांच्या बाजूला माना हलल्या. पाळकसाहेब घाईघाईने म्हणाले, "बाई, असं मनाला लावून घेऊ नका. पाऊस तर आला होता ना?" आणि मग मामा उठला, म्हणाला, "बाई थकल्यात. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू." त्याने गोड आवाजात बाईंसाठी प्रार्थना केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी तेव्हा कॉलेजात होते.

बाहेर आल्यावर मी बाईंना विचारलं, "मग दुसरं नाव का नाही घेतलंत?"

"तिला विचारल्याबिगर? पुन्ना तेच करू का?" त्या म्हणाल्या. "ती गोष्ट तिची हाय. सांगंल न्हाई तर न्हाई सांगंल. तिला हुडकाय पायजे."

हे हुडकणं किती तरी काळ चाललं. दरम्यान उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं, नवा जिल्हा झाला. रिकाम्या माळांवर कचेऱ्या उभ्या राहिल्या, गावोगावची पोरंपोरी तिकडे नोकरीला गेली. त्यात मीही गेले. लातूरला एक खोली घेऊन राहू लागले. एका सकाळी दारात काळी छत्री. "ती अर्धापूरला हाय," बाई म्हणाल्या. नांदेडच्या दवाखान्यातल्या एका नर्सकडून त्यांना कळलं होतं. "तू चल संगं. मला एकटीला धीर होत न्हाई." ज्या बाईला सारं गाव भीत होतं, ती हे म्हणत होती. मी रजा टाकली.

नांदेडपर्यंत एसटीत त्या छत्री मांडीवर धरून बसल्या होत्या. अर्धापूरला उतरलो तर चारी बाजूंनी केळीच्या बागा, हिरव्यागार, पाटाला पाणी. बाई त्या पाण्याकडे बघत उभ्याच राहिल्या. थोरलीचं घर सापडलं. बौद्ध घरात तिचं लग्न झालं होतं, नवरा केळीच्या गाडीवर होता, दोन मुलं शाळेत. दाराच्या समोरच बुद्धाची तसबीर. थोरली दाराच्या कडेला उभी राहून आमच्याकडे बघत राहिली. तिने लगेच ओळखलं, बसा म्हणाली नाही.

बाई वाकायला गेल्या तशी ती मागे सरकली. बाई तशाच अर्धवट वाकलेल्या म्हणाल्या, "पाऊस तुझ्यापायी थांबला न्हवता, लेकी."

"ते मला तवाच ठाऊक होतं, बाई," थोरली म्हणाली. "तुमास्नी आता कळलं का?"

"हाव. आता कळलं. पाप माझं होतं. दोन नावं होती, एक घेतलं, एक गिळलं. चर्चमदी बी हेच सांगितलं. मला माफ कर म्हणायला आले."

थोरली आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली. बाई प्यायल्या, त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. मग ती म्हणाली, "मी मेले असते त्या वर्षी. ह्यांच्या आईनं मला घरात घेतलं, कधी एक सवाल केला न्हाई. बाई, तुमचं माफ करायचं ते मला जमंना. जमलं तर कळवीन. पर माझं नाव पुन्ना तुमच्या तोंडात नगं. चांगल्यासाठी बी नगं."

"हाव," बाई म्हणाल्या.

परतताना गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. नांदेड आल्यावर म्हणाल्या, "पाणी दिलं तिनं." बस, एवढंच.

त्यानंतर बाई पुन्हा चर्चमध्ये मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. पण कुणाचं नाव नाही, कुणाचा गुडघा नाही. "बापा, जे पाण्याच्या रांगेत मागं सारले गेले त्यांच्याजवळ बस. ज्यांनी सारलं त्यांना बी वळव." मग त्या मध्येच थांबायच्या. ओठ हलायचे, आवाज नाही. लोकांना वाटे, म्हातारी विसरली. पुढचा शब्द आठवून द्यायला कुणी तरी खाकरायचं. मला ठाऊक होतं की बाई विसरलेल्या नाहीत, त्यांनी शब्द दिला आहे. थोरलीसाठी प्रार्थना तर केल्यावाचून राहवत नाही आणि नाव तर घ्यायचं नाही. मी त्या थांबण्यात कधी डोळे मिटून बसू शकले नाही. न राहवून एखाद्या रविवारी ते नाव बाहेर पडेल, अशी मला भीती वाटायची.

थोरलीचं काही कळवणं आलं नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की बाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहायच्या. शेवटच्या आजारात, लातूरच्या सरकारी दवाखान्यात, मी त्यांना विचारलं, "थोरलीला बोलावू का?" त्यांनी मान हलवली. "तिला ओढू नको. यायचं तर तिनं यावं." मग जरा वेळाने माझा हात धरून म्हणाल्या, "त्याच्यासाठी बी प्रार्थना करत जा. मला लई जड गेलं." कोणासाठी ते सांगायची गरज नव्हती. मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. दोन दिवसांनी त्या गेल्या.

त्यांच्या स्मरणाची उपासना ठरली तसं मी अर्धापूरला एक कार्ड टाकलं. बोलावलं नाही, बाई गेल्या आणि उपासना अमक्या दिवशी आहे एवढंच लिहिलं. चर्च भरलं होतं, बाहेरही माणसं उभी होती. नवे, तरुण पाळक होते. त्यांनी कुणाकुणाकडून ऐकलेलं सांगायला सुरुवात केली, की दुष्काळात या बाईंनी उपास धरून प्रार्थना केली आणि आभाळ उघडलं. मामा पुढे खुर्चीवर बसला होता. आता म्हातारा, जमिनीवर बसता येत नव्हतं. त्याने हो हो अशी मान डोलावली.

"ते खोटं हाय," मागून आवाज आला.

थोरली दारात उभी होती. चपला हातात. गाडीतून उतरून तशीच आलेली, केस विस्कटलेले. जुन्या लोकांनी तिला ओळखलं आणि एकेकाची नजर खाली जाऊ लागली.

"माझ्यापायी पाऊस थांबला न्हवता आन मी गेले म्हणून आला बी न्हवता. हे बाईनं माझ्या दारात येऊन सांगितलं. बस बदलत, वय झालेलं असताना आली. तुमच्यातलं दुसरं कुणी आलं का?" तिने चपला दुसऱ्या हातात घेतल्या. "मी तिला माफ केलं न्हवतं. आज केलंय, पर ती न्हाई ऐकायला. म्हणून तुमास्नी सांगते." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. मग ती म्हणाली, "बाई म्हणत हुती, एक नाव घेतलं, एक गिळलं. ते गिळलेलं मी आज घेऊ शकते. त्याच्यासाठीच आले हुते."

मी मामाच्या पाठीकडे बघत होते. त्याची मान डोलायची थांबली होती.

"पर न्हाई घेत. ज्याचं त्यानं घ्यावं," ती म्हणाली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

आम्ही सगळे थांबलो. पाळक पुस्तक हातात धरून उभे होते, त्यांना काय चाललंय ते समजत नव्हतं, पण तेही थांबले. मामाने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, घडी घालून परत ठेवला. तो उठला नाही. थोरलीने चपला खाली टाकल्या, पायात घातल्या आणि स्टँडकडे निघाली. मी तिच्यामागे धावले. गाडी येईपर्यंत आम्ही दोघी बाकावर बसलो होतो.

मामा अजून आहे. अंथरुणाला खिळला आहे, वाचा शाबूत आहे. त्या गोष्टीबद्दल तो कधी बोललेला नाही. मी गावी आले की त्याची सून, बाईंच्या जवळची म्हणून, मला निरोप पाठवते, या, प्रार्थना करा, त्यांना झोप लागत नाही, छतावर पाऊस वाजतो म्हणतात, बाहेर तर कडक ऊन असतं. मी जाते. त्याच्या खाटेजवळ बसते. माझ्या मनात त्याच्याविषयी दया नाही, राग आहे आणि तो कमी झालेला नाही. तरी डोळे मिटते आणि मनात त्याचं नाव घेते, पूर्ण, बापाच्या नावासकट, जसं हजेरीला घेतात तसं. बापा, याला वळव. याच्या तोंडून ते निघू दे. एवढंच मागते आणि उठते.

नाव इथे लिहीत नाही.